पॅराशूट, फुगा आणि चोवीस सेकंद

विमानातून टाकायचा आणि पॅराशूटला लटकलेला असतानाच भरायचा फुगा, या विषयावरची पत्रं थांबत नाहीत. गोंधळ तोच, म्हणून एकत्र उत्तरं देते.

पॅराशूट असताना फुगा कशाला? (कोपरी)
पॅराशूट पडणं लांबवतं, फुगा पडणं थांबवतो.

शुक्रावर फुगे सोडल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. थाप ना? (कळवा)
नाही. जून १९८५, वेगा १ आणि २ या सोव्हिएत अवकाशमोहिमा. हेलियमचे, सुमारे साडेतीन मीटर व्यासाचे फुगे पॅराशूटखाली भरले गेले, मग पॅराशूट आणि गॅसच्या टाक्या सुटल्या. सुमारे ५४ किमी उंचीवर तरंगत त्यांनी दीडेक दिवसाहून जास्त काळ संदेश पाठवले. ‘फुगे शुक्रावर उतरले’ ही मात्र थाप. उतरली ती यानं वेगळी.

गुंडाळलेला फुगा ड्रोनवरून, १२० मीटरवरून सोडणार आहोत. फुग्याखालचं ओझं २ किलो. पारसिकच्या डोंगरावर करू का? (अभियांत्रिकीचे विद्यार्थी, ऐरोली)
आधी गणित करा. पॅराशूट सेकंदाला ५ मीटरनं उतरलं तर हातात २४ सेकंद, त्यातले पहिले काही ते उघडण्यातच जाणार. घनमीटरभर हेलियम साधारण १ किलो उचलतो. म्हणजे २ घनमीटर नुसत्या त्या ओझ्याला, फुग्याचं वजन वेगळंच. भसकन सोडलात तर गॅसचा झोत फुग्याच्या पातळ पडद्याला फाडतो. सावकाश सोडलात तर आधी जमीन येते.

आणि जो तो सांगतो, फुगा उंचीवर फुटतो! उंचीवर फुटतो तो हवामान खात्याचा रबरी फुगा. हा फाटतो अर्धवट भरलेला असताना. ढिला पडदा दोरीवरच्या साडीसारखा फडफडतो, आणि पडण्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्याचा मारा चौपट होतो. घडीवर टाचणीएवढं भोक असलं तर तिथूनच उसवतो. तेव्हा आधी बंद शेडमध्ये पडदा टांगून भरून बघा, दहादा, चित्रीकरण करून. मग नुसतं पॅराशूट, खाली ठोकळा बांधून. ‘थेट उडवूनच बघू’ म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. रिकामी टाकी कुणाच्या पत्र्यावर पडणार, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. डोंगर विसरा, आकृत्या घेऊन पवईच्या आयआयटीत एअरोस्पेस विभागातल्या कुणाला तरी गाठा.

फुगेवाल्याकडचा गॅस स्वस्त पडतो. चालेल? (कोपरखैरणे)
नाही. तो बऱ्याचदा कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमपासून काढलेला हायड्रोजन असतो. टाकी फुटून माणसं गेली आहेत. ‘हेलियम’ म्हणून विकणाऱ्याकडूनही शुद्धतेचा दाखला घ्या, हवा मिसळून विकणारे कमी नाहीत.

४ किलोच्या आतल्या फुग्याला परवानगी लागत नाही, असं मित्र म्हणतो. (उलवे)
मित्राला डोक्यावरून जाणारी विमानं दिसत नसावीत. खाली टांगलेल्या सामानाचं ४ किलो वजन ही आंतरराष्ट्रीय नियमांत ‘हलका फुगा’ म्हणण्याची मर्यादा आहे, सरसकट सूट नव्हे. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), विमानतळाचा वाहतूक नियंत्रण कक्ष आणि पोलीस, तिघांनाही लेखी विचारा. उड्डाणाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, आजच.