वाचकांचे प्रश्न : गावातून जाणारी निळी रेघ

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या मुखाशी आहे. समुद्राची पातळी वाढत असल्याचे आम्ही वाचतो, परंतु गावात विषय काढला की चर्चा धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या मागणीपाशीच थांबते. वाचनालयातर्फे भिंतींवर या विषयाची चित्रे काढावीत, असा विचार आहे. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल, मात्र खवळलेल्या लाटा आणि बुडणारी घरे रंगवण्यापेक्षा गावातून एक मोजलेली रेघ आखावी, असे आम्ही सुचवू. बुडत्या घराचे चित्र कोणत्याही गावात काढता येते. रेघ मात्र अमक्याचा ओटा, तमक्याची विहीर, शाळेची दुसरी पायरी दाखवते, आणि त्या घरातील माणूस बाहेर येऊन ‘हे काय?’ असे विचारतोच.

ईव्ह मोशर या कलावतीने २००७ साली न्यूयॉर्कमध्ये हेच केले. बेसबॉलच्या मैदानावर रेघा मारण्याचे ढकलयंत्र घेऊन त्यांनी ब्रुकलिन आणि मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या वस्त्यांतून समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची निळी रेघ सुमारे ७० मैल आखली. वाटेत लोक त्यांना थांबवून विचारीत आणि त्या काम बाजूला ठेवून उत्तर देत; हा संवाद त्या कलाकृतीचा गाभाच होता. समुद्र कायमचा १० फुटांवर येईल, असा त्या रेघेचा अर्थ नव्हता. मोठ्या वादळात पाणी तिथवर चढू शकते आणि समुद्राची पातळी वाढेल तसे ते अधिक वेळा चढेल, एवढेच तिचे सांगणे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आले, तेव्हा रेघेच्या समुद्राकडील बाजूचा पुष्कळ भाग पाण्याखाली गेला. पुढे २०१३ मध्ये मायामीत अशीच रेघ तेथील रहिवाशांनी स्वतः आखली. आम्हाला हा टप्पा पहिल्याहून मोलाचा वाटतो, कारण बाहेरच्या कलावंतापेक्षा शेजाऱ्याने दारात आखलेल्या रेघेविषयी माणूस अधिक मोकळेपणाने बोलतो.

आपल्याकडे याची सुरुवात ज्येष्ठांपासून करावी. २०२१ च्या तौक्ते वादळात किंवा त्याआधीच्या मोठ्या उधाणात पाणी कुठवर आले होते, ते त्यांच्याकडून जागेवर दाखवून घ्यावे आणि जवळच्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून त्या जागांची उंची मोजून घ्यावी. अंदाजाने आखलेली रेघ एका घरापाशी जरी चुकली, तरी सगळ्या उपक्रमावरचा विश्वास उडतो. शिमग्याचा काळ आम्हाला उत्तम वाटतो : पाऊस नसतो, पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण डोळ्यांसमोर असते आणि मुंबईचे चाकरमानीही गावी आलेले असतात.

एक अडचण मात्र आधीच ओळखावी. किनाऱ्यावर कोणी रेघ मारू लागले की लोकांना सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या सरकारी नियमांतली, भरतीरेषा आठवते आणि घरदुरुस्तीची परवानगी अडकेल, अशी भीती वाटते. ही भीती अवाजवी म्हणता येणार नाही. म्हणून ही रेघ सरकारी नाही, हे ग्रामसभेत स्पष्ट सांगावे, घरमालकाच्या संमतीशिवाय भिंतीला हात लावू नये आणि पहिल्या वर्षी चुना व निळीसारखा धुऊन जाणारा रंगच वापरावा.

प्रश्न : समुद्र वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर चढतो. मग इतक्या उंचीची रेघ दाखवणे अतिशयोक्ती ठरणार नाही का?

उत्तर : हे बरोबर आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९७१ पर्यंत वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर असलेला वेग २००६ ते २०१८ या काळात सुमारे ३.७ मिलिमीटरवर गेला. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची मुख्य कारणे. परंतु उधाण आणि वादळी लाटा या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन येतात, आणि खाडीकाठच्या सपाट जमिनीवर पातळी थोडी चढली तरी पाणी बरेच आत शिरते. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधांच्या, कडेने भातशेती करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. अतिशयोक्तीचा आरोप टाळायचा असेल, तर दोन रेघा आखाव्यात : एक प्रत्यक्ष आलेल्या पाण्याची आणि दुसरी, वेगळ्या रंगात, तिच्यापेक्षा अर्धा मीटर वर. पहिलीजवळ वर्ष आणि वादळाचे नाव लिहावे, आणि दुसरीजवळ ‘पातळी अर्धा मीटर वाढल्यास’ असे स्पष्ट लिहावे.