चीनमधले म्हातारे लोक टेक्नॉलॉजी आणि रोबोटला घाबरतात का?

सरसकट घाबरतात असं नाही. नातवंडं लांबच्या शहरात असली की वीचॅटवर (तिकडचं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) व्हिडिओ कॉल लावायला आजी-आजोबा बरोबर शिकतात, अडतं ते सक्ती झाली की. 2020 मध्ये कोविडचा हेल्थ कोड (तुमच्यापासून संसर्गाचा धोका आहे का हे सांगणारा कोड) मोबाईलवर दाखवल्याशिवाय बसमध्ये घेईनात, ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांनी काय करायचं? त्याच वर्षी हुबेई प्रांतात 94 वर्षांच्या आजीला चेहरा स्कॅन करायला बँकेत अक्षरशः उचलून मशीनसमोर धरलं होतं, तो व्हिडिओ बघून मला फार वाईट वाटलेलं. मग सरकारने रोख पैसे, कागदी पर्याय चालू ठेवायला सांगितलं. रोबोटचं म्हणाल तर औषधाची आठवण करायला ठीक आहे, पण आईबापाची सेवा मुलांनीच करायची हा तिकडचा जुना संस्कार आहे, ती जागा मशीनला द्यायला मन तयार होत नाही.