थकलेलं भाडं की अडकलेलं गॅरेज?

प्रश्न : माझ्या मालकीचं शटरचं गॅरेज मी एका केटरिंगवाल्याला सामान ठेवायला दिलं आहे. २२ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, महिना ९,००० रुपये, डिपॉझिट २७,०००. गेले पाच महिने पैसे नाहीत. मध्ये त्याने दोन महिन्यांचा म्हणून १८,०००चा चेक दिला, तो अडीच आठवड्यांपूर्वी न वटता परत आला. आता म्हणतो, "थकबाकी सोडा, निम्मं डिपॉझिट परत द्या, महिनाअखेर रिकामं करतो." दाव्यासाठी वकील ४०,००० सांगतात, म्हणजे एफडी मोडावी लागेल. भाचा म्हणतो, सरळ आपलं कुलूप ठोक. की गॅरेजच विकून टाकू? करार संपायला तीन महिने आहेत. मी निवृत्त आहे, या भाड्यातून माझ्या आरोग्य विम्याचा हप्ता जातो.

उत्तर : ताई, तुम्ही सगळा हिशेब ४५,००० रुपयांच्या थकबाकीभोवती मांडला आहे. राग येणं स्वाभाविक आहे, पण ते पैसे बुडाले किंवा मिळाले तरी तुमच्या पुढच्या वर्षाच्या मिळकतीत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो शटरची किल्ली कुणाकडे आहे याने. म्हणून थकबाकी आणि ताबा ही दोन वेगळी खाती धरा आणि आधी ताब्याची किंमत काढा.

तो म्हणतो ते जसंच्या तसं मान्य केलं तर ४५,०००पैकी १३,५०० तुमच्याकडे राहतात आणि ३१,५०० सुटतात. नवा माणूस मिळेपर्यंत गॅरेज दोन महिने रिकामं राहिलं असं धरू, त्याचे आणखी १८,०००. एकूण ४९,५००. आता दुसरी बाजू. दावा लावला आणि नशिबाने वर्षभरात निकाल लागला असं समजू. (वर्षभरात लागेल असं कोणताही वकील लिहून देणार नाही.) फी ४०,००० आणि अडकलेल्या बारा महिन्यांचे १,०८,०००, म्हणजे १,४८,०००. कागदावर कोर्ट तुम्हाला ही सगळी बाकीही मिळवून देईल, पण ज्याचा १८,०००चा चेक वटत नाही त्याच्याकडून हुकूमनाम्याचे, म्हणजे कोर्टाने निकालात ठरवलेले, पैसे वसूल करणं हा पुढचा वेगळा खेळ. शिवाय त्या वर्षभरात मालमत्ता कर आणि मेंटेनन्स तुम्हीच भरणार. थोडक्यात, त्याचा हा निलाजरा प्रस्तावसुद्धा दाव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात पडतो.

याचा अर्थ तो लगेच स्वीकारा असा नाही. पहिला आकडा कुणाचाच शेवटचा नसतो, आणि तुमच्या हातात एक हुकमी पान आहे ज्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे : परत आलेला चेक.

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली चेक न वटणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याला घड्याळ लावलेलं आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि तेही गेले की पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. तुमचे अडीच आठवडे उलटले आहेत, हातात जेमतेम १२ दिवस उरले. मुदत हुकलीच आणि चेकच्या तारखेपासून तीन महिने झाले नसतील, तर तो पुन्हा बँकेत भरता येतो. तो पुन्हा परत आला की ३० दिवस नव्याने मोजले जातात. पण त्यावर विसंबू नका.

इथे एक बारकावा आहे आणि पैशाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. डिपॉझिट २७,००० म्हणजे बरोबर तीन महिने, चेक १८,००० म्हणजे उरलेले दोन. डिपॉझिट वळतं करताना ते चेक नसलेल्या तीन महिन्यांपोटीच धरा आणि नोटिशीत तसं स्पष्ट लिहायला सांगा. नाहीतर उद्या तो म्हणेल, "माझे पैसे यांच्याकडेच होते, देणं कुठलं?" नोटिशीत चेकची रक्कमही स्वतंत्र आणि नेमकी मागायची, सगळी थकबाकी एकाच आकड्यात कोंबलेली नोटीस पुढे लंगडी पडू शकते.

ही नोटीस पोचली की बोलणी बदलतील. मग तुमचा प्रस्ताव असा ठेवा : डिपॉझिट पूर्ण माझ्याकडे जमा, पंधरा दिवसांत रिकामा ताबा, आणि त्या तारखेला किल्ली हातात आली तर चेकच्या १८,०००चा विषय मी मिटवते. कलम १३८चा गुन्हा आपसांत मिटवता येतो, त्यामुळे हे देणं-घेणं उघडपणे लिहून करता येतं. तो थोडा ओढून धरेल. टेम्पोच्या भाड्यापोटी चार-पाच हजार मागितले तर खुशाल द्या, पण ताबापत्रावर सही झाल्यावर, आधी नाही. थकबाकीदाराला वर पैसे देणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. पण ती रक्कम तुमच्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी आहे, एवढंच बघा.

हप्त्याने देतो म्हणाला तर? त्याचा धंदा खरंच बसला असेल तर हप्तेही बसतील. गॅरेज रिकामं करून मग हप्ते देत असेल तर उत्तम, जे येईल ते वरकड. गॅरेजमध्ये राहून हप्ते म्हणत असेल तर सरळ नाही म्हणा. दरम्यान त्याने काही रक्कम टाकलीच तर घ्या, पण "जुन्या थकबाकीपोटी, माझे सर्व हक्क अबाधित ठेवून" असं त्याच दिवशी लेखी कळवा. नवा कागद किंवा मुदतवाढ अजिबात नको.

भाच्याचं कुलूप मात्र विसरा. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ प्रमाणे, कायद्याचा मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा लावू शकतो, आणि तिथे मालक कोण हा प्रश्न गौण ठरतो. म्हणजे आज तो आरोपीच्या जागी आहे, कुलूप ठोकलंत की तुम्ही जाल. त्याची पातेली-शेगड्या विकून वसुली करण्याचा विचारही नको. दुसऱ्याचा माल सरसकट बाकीपोटी अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७१ने बँकर, अडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल उतरवून ठेवणारे), हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा दलाल अशा मोजक्यांना दिला आहे. त्यांत जागामालक नाही. आणि "तुमच्याकडे माझी वीस पातेली होती" म्हणणाऱ्याला खोटं ठरवत बसणं तुम्हालाच महाग पडेल. रिकामं करताना सामानाची यादी, तारखेसह फोटो, मीटरचं रीडिंग आणि दोघांच्या सह्या एवढं करून घ्या.

पंधरा दिवसांत तो हलला नाही तर मग दावा, आणि तेव्हा एका आठवड्याचीही ढिलाई नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या व्याख्येत इमारतीला जोडलेली गॅरेजं येतात, पण त्याच कायद्याच्या कलम २४मधला सक्षम प्राधिकाऱ्याकडचा जलद मार्ग राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरता आहे. सामानाच्या गोदामाला तो मिळणार नाही. तुम्हाला मुंबईत लघुवाद न्यायालय, बाहेर तिथलं लघुवाद किंवा दिवाणी न्यायालय. जमेची बाजू म्हणजे करार नोंदवलेला आहे. तो नसता तर याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अटींबाबत त्याचं म्हणणं खरं धरून चालावं लागलं असतं आणि ते खोडायची जबाबदारी तुमच्यावर आली असती. मुदत संपल्यावरही जागा न सोडल्यास दुप्पट शुल्क, असं कलम करारात आहे का ते बघा. असेल तर बोलणीत तेही टेबलावर ठेवा. थकलेल्या भाड्याची मागणी ते देय झाल्यापासून तीन वर्षांत करता येते, त्यामुळे त्या बाबतीत घाई नाही.

एफडी आज मोडू नका. नोटिशीचा खर्च दाव्याच्या फीपुढे किरकोळ असतो, तो महिन्याच्या खर्चातून निघेल. दाव्याची वेळ आलीच तर फी टप्प्याने ठरवून घ्या.

विकायचं म्हणाल, तर आत माणूस बसलेला असताना गिऱ्हाईक भाव पाडूनच मागणार. ताबा आल्यावर विचार करा, आणि त्याआधी मूळ दस्तात तुम्हाला नेमकं काय विकलं होतं ते तपासा. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियमनाच्या, कायद्यात गॅरेज म्हणजे छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली जागा. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखाली खांबांमधली मोकळी जागा, बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये म्हटलं आहे. नंतर शटर लावून बंद केलेलं स्टिल्ट असेल, तर विक्रीचा प्रश्न तिथेच संपतो, आणि भाड्याने देतानाही सोसायटीचं काय म्हणणं आहे ते पाहावं लागेल.

कराचं थोडं. न मिळालेलं भाडं घरभाड्याच्या उत्पन्नातून वगळता येतं, पण अटी आहेत : भाडेव्यवहार खरा असावा, थकबाकीदार निघून गेलेला असावा किंवा त्याला काढण्यासाठी पावलं उचललेली असावीत, तुमच्याच दुसऱ्या जागेत तो नसावा, आणि वसुलीसाठी कायदेशीर पावलं उचललेली असावीत किंवा ती निरुपयोगी होती हे दाखवता यावं. म्हणून नोटिशीची प्रत, चेक परतीचा मेमो आणि ताबापत्र सीएंना द्या. पुढे यातलं काही वसूल झालं तर ते त्या वर्षी करपात्र होईल, ३० टक्के वजावटीनंतर.

नव्या माणसाकडून सहा महिन्यांचं डिपॉझिट घ्या, भलेही भाडं ५०० रुपयांनी कमी करावं लागलं. तीन महिन्यांचं डिपॉझिट असताना तुम्ही पाच महिने थांबलात. यापुढे दुसरा हप्ता चुकला की लेखी पत्र आणि तिसऱ्याला वकिलाची नोटीस. विम्याचा हप्ता या भाड्यावर टांगू नका. एफडीच्या व्याजातून तो वेगळा काढा आणि गॅरेजची मिळकत वर्षाला बारा नव्हे, दहा महिन्यांचीच धरा.