म्यानमारमध्ये लष्कराची सत्ता असताना तिथं फिरायला जावं का?

पॅकेज टूरनं तर अजिबात नको. 1996 ला लष्करानं ‘व्हिजिट म्यानमार इयर’ काढलं, त्याच्या तयारीत मंडालेच्या राजवाड्याचा खंदक साफ करायला लोकांना वेठीला धरलेलं, तेव्हा तिथल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान स्यू की यांनीच पर्यटकांना येऊ नका म्हणून सांगितलेलं. मग 2010 ला त्यांच्या पक्षानं भूमिका जरा सैल केली, एकटेदुकटे या पण मोठे ग्रुप नकोत, म्हणजे पैसा बागानच्या (जुन्या देवळांचं पर्यटनस्थळ) टांगेवाल्याच्या हातात पडावा (तो बिचारा दोन्हीकडून मरतो). पण आता 2021 च्या सत्तापालटानंतर व्हिसाची फीच लष्कराच्या तिजोरीत जाते की ओ, ती कशी चुकवणार? मार्शल लॉ काय असतो ते आपल्या सोलापूरनं 1930 लाच भोगलंय, मी तरी सध्या नाही जाणार.