'हाय अँड लो' हा अपहरणावरचा जुना जपानी चित्रपट खरंच पाहण्यासारखा आहे का? लोकांची मतं इतकी टोकाची का?

तुमच्या एका मित्राने हा आजवरचा सर्वांत चांगला थ्रिलर म्हणून सुचवला आणि दुसऱ्याने चाळीस मिनिटांत बंद केला, कारण 'माणसं दिवाणखान्यात उभी राहून नुसती बोलत राहतात'. मग पाहावा की नाही, असं तुम्ही विचारलंय. पाहा. आणि त्या दुसऱ्या मित्रालाही सोबत बसवा. तो जिथे उठला तिथून चित्रपटातला आगगाडीचा प्रसंग फार लांब नव्हता.

मी हा चित्रपट घरी तिघांबरोबर पाहिला: माझे वडील (त्यांना आम्ही आबा म्हणतो), दाजी आणि कॉलेजात जाणारी भाची. तिघांची तीन मतं झाली आणि तुम्हाला जी मतं ऐकायला मिळतायत ती साधारण याच तीन प्रकारची असणार. सबटायटल्स इंग्रजीत होती, ती आबांना वाचता येत नाहीत, म्हणून मी सारखं थांबवून मराठीत सांगत होतो. त्यामुळे १४३ मिनिटांच्या चित्रपटाला आमचा पूर्ण रविवार लागला.

गोष्ट थोडक्यात सांगतो, शेवट सांगत नाही. चित्रपट १९६३ चा, दिग्दर्शक अकिरा कुरोसावा. योकोहामात टेकडीवरच्या आलिशान घरात किंगो गोंदो राहतो. तोशिरो मिफुनेने केलाय तो. बुटांच्या कंपनीत हा मोठा अधिकारी, पण चांभारकाम शिकत शिकत वर आलेला. बाकीच्या अधिकाऱ्यांना स्वस्त, चार दिवसांत फाटणारे बूट विकायचेत, याला ते मान्य नाही. म्हणून घरासकट सगळं गहाण टाकून त्याने कंपनी ताब्यात घेण्यापुरते शेअर गोळा करायचा घाट घातलाय. पैसे ओसाकाला पोचवायचे, एवढंच बाकी आहे. तेवढ्यात फोन येतो: तुझा मुलगा माझ्याकडे आहे, ३ कोटी येन दे. गोंदो क्षणाचाही विचार न करता म्हणतो, देतो.

आणि त्याचा मुलगा खोलीत चालत येतो.

मुलं बाहेर काऊबॉयचे कपडे घालून खेळत होती आणि खेळता खेळता त्यांनी कपडे बदलले होते. पळवलेला मुलगा आहे ड्रायव्हरचा, शिनिची. अपहरणकर्त्याला चूक कळते, तरी तो मागणी सोडत नाही. पैसे गोंदोनेच द्यायचे. दिले तर गोंदो रस्त्यावर येणार, नाही दिले तर दुसऱ्याचं पोर मरणार.

इथे आबा उठून बसले. 'अरे, हा तर इन्कार!' म्हणाले. बरोबर ओळखलं त्यांनी. १९७७ चा 'इन्कार' याच गोष्टीवर बेतलेला आहे. विनोद खन्ना त्यात पोलीस अधिकारी आहे, अमजद खान अपहरणकर्ता, आणि बुटांचा कारखानदार आहेत आपले डॉ. श्रीराम लागू. लोकांना त्यातलं हेलनवर चित्रित झालेलं, उषा मंगेशकरांनी गायलेलं 'मुंगडा' तेवढं आठवतं. आबांना मात्र लागू आठवत होते. त्या काळात तो चित्रपट त्यांनी थिएटरात पाहिला होता आणि नंतर ते स्वतः ड्रायव्हर झाले. भोसरीतल्या एका कारखानदाराच्या गाडीवर त्यांनी बावीस वर्षं काढली.

म्हणूनच हा पहिला तास मला संथ म्हणता येत नाही. मालकांच्या मुलाचे शर्ट आखूड झाले की ते आमच्या घरी यायचे आणि मी ते शाळेत घालून जायचो. मालक चांगले होते, दिवाळीला न मागता बोनस द्यायचे. पण त्या पोराच्या शर्टात मला कुणी उचलून नेलं असतं तर? हा विचार मला तो चित्रपट पाहीपर्यंत कधी शिवलाही नव्हता. पडद्यावर तो ड्रायव्हर, आओकी, कोपऱ्यात पाठमोरा उभा राहतो. बोलत जवळजवळ नाही. सगळे गोंदोकडे पाहत असतात: बायको, पोलीस, त्याचा हाताखालचा माणूस आणि प्रेक्षकसुद्धा. आओकी तिथेच, चौकटीच्या कडेला. मग तो जमिनीवर डोकं टेकून भीक मागतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणतो, काल रात्रीचं माझं बोलणं विसरून जा, पैसे देऊ नका, माझा पोरगा हुशार आहे, तो सुटून येईल. बोलता बोलताच त्याचा बांध फुटतो.

आबा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, 'याला रात्रभर डोळा लागला नसणार. मालकाचं घर जाईल म्हणून.'

पहिला जवळपास एक तास या एकाच घरात जातो. पडदे ओढलेले असतात, कारण खालच्या वस्तीतून कुणीतरी दुर्बीण लावून बसलंय. डिपार्टमेंट स्टोअरचा माल पोचवणाऱ्यांच्या वेशात पोलीस येतात. याच भागातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पैशाच्या बॅगेत पोलिसांना दोन पुड्या लपवायच्या असतात: एक पाण्यात पडली तर वास सोडणारी, दुसरी जाळली तर गुलाबी धूर काढणारी. गोंदो आपली जुनी हत्यारांची पेटी काढतो, जमिनीवर बसतो आणि बॅगेचं चामडं उसवून पुड्या स्वतःच्या हाताने आत शिवतो. एवढा मोठा माणूस पुन्हा आरी-दोरा घेऊन बसलेला पाहून खोलीतले पोलीस गप्प होतात. त्याचं सगळं जाणार आहे, पण हात मात्र शिकलेलं विसरलेले नाहीत.

मग आगगाडी. कोदामा एक्स्प्रेसमध्ये फोन येतो (धावत्या गाडीत तेव्हा फोन होता!) आणि कळतं की बॅगा सात सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत असं का सांगितलं होतं. स्वच्छतागृहाची खिडकी तेवढीच उघडते. नदीचा पूल, खाली काठावर उभं असलेलं पोर, आणि हातात काही सेकंद. इतका वेळ बंद खोलीत बसवून ठेवल्यामुळेच हे दृश्य अंगावर येतं. थेट इथून पाहायला सुरुवात केलीत तर ती एक बरी मारामारीची रीळ वाटेल, एवढंच.

दाजींचं मत वेगळं. त्यांची तक्रार अशी की गुन्हेगार कोण हे चित्रपट मध्यातच दाखवून टाकतो, मग सस्पेन्स कसला? ही तक्रार खूप जण करतात. मला वाटतं आपण रहस्य आणि उत्कंठा यात घोळ करतो. कुणी केलं हे कळलं की रहस्य संपतं. पण तो सापडेल का, कसा सापडेल, आणि त्याने हे का केलं, हे प्रश्न तसेच उरतात. तो खालच्या कोंदट वस्तीत राहतो, वर टेकडीवर ते घर दिसतं. चित्रपटाचं मूळ जपानी नावच 'स्वर्ग आणि नरक' असं आहे. दाजींना कोडं हवं होतं, ते इथे नाही. तुम्हालाही कोडंच हवं असेल तर निराश व्हाल, हे आधीच सांगून ठेवतो.

भाचीला मात्र हाच उत्तरार्ध सर्वांत आवडला. गोंदो जवळजवळ दिसेनासा होतो आणि पोलीस तपास सुरू होतो. तात्सुया नाकादाईने केलेला इन्स्पेक्टर तोकुरा आणि त्याची माणसं घामाने निथळत एकेक धागा जोडत जातात. कुणी फोनच्या ध्वनिमुद्रणात मागे ऐकू येणारा ट्रामचा आवाज घेऊन रेल्वेच्या माणसाकडे जातो, कुणी मुलाने काढलेलं चित्र घेऊन फिरतो. भाची म्हणाली, 'मामा, आजच्या सगळ्या क्राइम सिरीज इथूनच आल्यात.' सगळ्या आल्यात असं मी म्हणणार नाही, पण ती फार चुकत नाही. आणि तो गुलाबी धूर! अख्खा चित्रपट कृष्णधवल आहे आणि एकाच ठिकाणी रंग येतो. भाची किंचाळलीच.

याच भागात आओकी पुन्हा दिसतो आणि त्याच्यावर फारसं कुणी बोलत नाही. मालकाचे पैसे परत मिळावेत म्हणून तो सुटून आलेल्या पोराला दरडावून विचारत राहतो, आठव, अजून आठव. पोलिसांना न सांगता त्याला गाडीत घालून ती जागा शोधत फिरतो. उपकाराचं ओझं बाप असा स्वतःच्याच मुलावर उतरवतो. आबांनी इथे मला थांबवायला सांगितलं आणि पाणी प्यायला उठले.

माझी स्वतःची एक तक्रार आहे, तीही ऐका. मूल जिवंत परत आलेलं असल्याने फक्त अपहरणासाठी गुन्हेगाराला फार तर पंधरा वर्षं होतील, ती शिक्षा कमी आहे, असं पोलीस ठरवतात. म्हणून त्याला खुनाच्या आरोपात पकडण्यासाठी काही काळ मोकळा फिरू देतात. त्यात व्यसनाच्या गल्लीतल्या एका बाईचा जीव जातो आणि चित्रपट तिच्यापाशी थांबत नाही. गोंदोच्या नुकसानीसाठी सगळा देश हळहळतो, तिचं नावही आपल्याला कळत नाही. मला हे खुपलं, अजून खुपतं. कायदा सौम्य आहे ही चित्रपटाची तळमळ मात्र खोटी नव्हती. चित्रपट आला त्याच महिन्याच्या अखेरीस टोकियोत चार वर्षांच्या एका मुलाचं खंडणीसाठी अपहरण झालं आणि त्याचा खून झाला. १९६४ मध्ये जपानने फौजदारी कायदा बदलून खंडणीसाठीच्या अपहरणाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली.

मूळ कथा एड मॅकबेन या अमेरिकन लेखकाच्या १९५९ च्या कादंबरीतली, आणि २०२५ मध्ये स्पाइक लीने डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन ती न्यूयॉर्कला नेली. पण तुम्ही आधी कुरोसावाचाच पाहा, मग 'इन्कार'. 'इन्कार'मध्ये प्रेमकथा आहे, गाणी आहेत, त्याचा वेग वेगळा आहे. पण पोर आपलं नाही हे कळल्यावर लागूंच्या चेहऱ्यावर आधी सुटका येते आणि मग तिचीच लाज, ती पाहण्यासाठी तो चुकवू नका.

मोबाइलवर पाहू नका एवढी एकच विनंती. पडदा खूप रुंद वापरलाय, एका वेळी आठ-दहा माणसं चौकटीत उभी असतात आणि लहान पडद्यावर कडेची माणसं दिसतच नाहीत. पाहून झाला की घरातला तो फोनचा प्रसंग एकदा मागे घेऊन पुन्हा लावा. गोंदोकडे पाहू नका. कडेला जो पाठमोरा उभा आहे त्याच्याकडे बघा.