स्वायत्त कला समाजावर टीका करू शकते का?

आधुनिक कलाचळवळींनी कलेच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला आणि समाजावर टीकाही केली, हा विरोधाभास नाही का, असे आपण विचारले आहे. मला तो विरोधाभास वाटत नाही. काय रंगवायचे आणि कसे, हे चित्रकाराने स्वतः ठरवणे, एवढाच स्वायत्ततेचा अर्थ मी घेतो. हा अधिकार नसेल तर टीकासुद्धा फर्माइशी होते.

1933 साली मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये भित्तिचित्र रंगवत होता. त्यात त्याने लेनिनचा चेहरा काढला. तो काढून एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा घालावा, अशी विनंती हे संकुल उभारणाऱ्या घराण्यातल्या नेल्सन रॉकफेलर यांनी पत्राने केली. रिवेराने ती नाकारली (लिंकनलाही जागा देण्याची तयारी मात्र दाखवली), तेव्हा ठरलेला मोबदला पूर्ण चुकता करून त्याला काम थांबवायला लावले आणि 1934 च्या फेब्रुवारीत चित्र फोडून टाकण्यात आले. पैसे बुडवले नाहीत, हाच तपशील मला बोलका वाटतो, कारण चित्र रीतसर विकत घेऊनही ते नाहीसे करता येते, हे त्यातून दिसले.

पुढे 1938 मध्ये मेक्सिकोतच फ्रेंच अतिवास्तववादी कवी आंद्रे ब्रेताँ आणि रशियन क्रांतीचा हद्दपार नेता ट्रॉट्स्की यांनी स्वतंत्र क्रांतिकारी कलेचा जाहीरनामा लिहिला. सह्या मात्र ब्रेताँ आणि रिवेरा यांच्या होत्या. ब्रेताँच्या मसुद्यात कलेला पूर्ण मोकळीक होती, फक्त कामगार क्रांतीच्या विरोधात जाण्याची नव्हती. हा अपवाद खोडला तो लाल सेना उभारणाऱ्या ट्रॉट्स्कीने. सोव्हिएत संघात तोवर समाजवादी वास्तववाद, म्हणजे समाजवादाचा गौरव करणारी वास्तवदर्शी शैली, सक्तीचा झाला होता, आणि असा एक अपवाद सत्तेच्या हाती किती फुगतो हे त्याला वेगळे सांगायला नको होते.

माझ्या मताला छेद देणारे उदाहरण जर्मन कलाकार जॉन हार्टफील्डचे आहे. तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य होता आणि त्याची कामे डाव्या साप्ताहिकात छापली जात, तरी 1932 सालचे त्याचे छायाचित्र-जुळणीचे काम आजही बोचते: भाषण ठोकणाऱ्या हिटलरच्या छातीचा एक्स-रे, आणि त्यात पाठीच्या कण्याच्या जागी नाण्यांची चळत. विषय पक्षाला हवा तोच होता, पण ती चळत कोणत्याही ठरावातून आलेली नाही.

रिवेराने ते नष्ट झालेले चित्र मेक्सिको सिटीच्या सरकारी कलाभवनात पुन्हा रंगवले, आणि या वेळी नाइट क्लबमध्ये मद्याचा पेला घेतलेले नेल्सनचे वडील, धाकटे जॉन रॉकफेलरही त्यात घातले. ही भिंत सरकारची होती, आणि तिथे मेक्सिकन सरकारवर तितकीच बोचरी रेघ त्याला ओढता आली असती का, ही शंका मला ते चित्र पाहताना येते.