लाल टिक केलेलेच शब्द का विसरतात?

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, वय ४७. मूळची वर्ध्याकडची, बदलीने धारणी तालुक्यात आले. पहिलीची पोरं घरी कोरकूच बोलतात, म्हणून मीही शिकायला घेतली. वहीत एकीकडे कोरकू शब्द, दुसरीकडे मराठी अर्थ लिहून रोज रात्री वाचते. पाठ झालेल्या शब्दावर लाल टिक करते. आठवड्याने पाहावं तर टिक केलेलेच आठवत नाहीत. वयामुळे होतं का?

उत्तर : ताई, वयाने वेग थोडा कमी होतो, पण हे दुखणं विशीतल्या पोरांचंही आहे. अमेरिकेत कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली या आफ्रिकी भाषेचे ४० शब्द अर्थासह शिकवले. त्यांचा लेख २००८चा. एकदा आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. काहींना तो नुसता वाचायला दिला, विचारणं बंद. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के आठवलं, दुसऱ्यांना जेमतेम ३६. गंमत म्हणजे आपल्याला किती आठवेल, याचा अंदाज दोन्हीकडे सारखाच होता, निम्म्याच्या आसपास! हा प्रयोग मी दरवर्षी शिकवतो, तरी परीक्षेच्या आदल्या रात्री माझेच विद्यार्थी हायलायटर घेऊन वाचत बसतात.

तेव्हा टिक म्हणजे सुट्टी नव्हे. अर्थाची बाजू हाताने झाका, आधी मोठ्याने सांगा, मग हात काढा. नंतर उलटं, मराठी पाहून कोरकू. आठवायला दमछाक झाली तर होऊ द्या, काम तिथंच होतं. आज आलेला शब्द उद्या विचारा, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने.

आणखी एक. हिंदी शिकताना निम्मे शब्द ओळखीचे निघतात. कोरकू मुंडा या वेगळ्या भाषाकुळातली, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे नवा शब्द अडकवायला जुनी खुंटी सापडत नाही. अशा वेळी आधी आवाज पक्का व्हावा लागतो. मुक्याने वाचून तो होत नाही. चौथीतल्या एखाद्या बोलक्या पोरीला परीक्षक नेमा. खिचडीच्या सुट्टीत तिने वस्तू दाखवायची, तुम्ही नाव सांगायचं. पोरं हसतील, हसू द्या. उच्चार तीच सुधारतील.

दिवाळीला वर्ध्याला जाल तेव्हा वही सोबत न्या. तिथं कोरकू कानावर पडणार नाही.